मानेची गाठ आणि घरोघरचा विषाणू



अंड्याच्या कोंबड्या पाळणाऱ्या घरांना मॅरेक्स हे नाव नवे नाही. पिल्लू एक दिवसाचे असतानाच उबवणी केंद्रात त्याच्या मानेच्या कातडीखाली एक लस टोचतात, ती याच रोगाची. ही लस चुकली आणि रोग आला, की चांगली वाढलेली तलंग एक पाय पुढे आणि एक पाय मागे टाकून पडते. मेल्यावर कापून पाहिले तर काळजात, अंडाशयात गाठी सापडतात. या गाठी म्हणजे कोंबडीचा कर्करोगच. तो होतो एका विषाणूने, आणि हा विषाणू पिसांच्या कोंड्यातून आणि खुराड्यातल्या धुळीतून एका कोंबडीकडून दुसरीकडे जातो.

हंगेरीतील योझेफ मॅरेक या पशुवैद्याने १९०७ साली हा रोग प्रथम लिहून ठेवला. त्याचा विषाणू १९६७ साली इंग्लंडमध्ये सापडला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत लसही निघाली. कोणत्याही प्राण्याच्या कर्करोगावर यशस्वी ठरलेली ही पहिली लस. म्हणजे विषाणूने कर्करोग होऊ शकतो आणि तो टाळताही येतो, हे आधी कोंबड्यांच्या बाबतीत सिद्ध झाले.

मॅरेक्सचा विषाणू माणसाला बाधत नाही, तेव्हा अंडी खायला किंवा खुराडे झाडायला कोणी भिऊ नये. पण त्याच्याच कुळातला एक विषाणू माणसात आहे. तोही काही माणसांत गाठींचा कर्करोग होण्यास कारण ठरतो. आणि तो विषाणू हे वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात आज, या घटकेला आहे.

हे वाचून दचकू नका. हा लेख लिहिण्याचे कारणच ते आहे. "विषाणूने कर्करोग होतो" एवढे अर्धे वाक्य गावात पोचले, तर मानेला गाठ आलेल्या पोराचे ताट वेगळे होते, अंथरूण वेगळे होते, शेजारीण आपल्या मुलांना त्याच्याबरोबर खेळू देत नाही. उरलेले अर्धे वाक्य समजले तर ही सारी पाळी येत नाही. शिवाय त्या पोराचा जीव वाचायचा असेल तर काय करायचे, तेही कळते.

हा विषाणू कोणता?

त्याचे नाव एपस्टाइन-बार विषाणू. नाव परदेशी असले तरी राहणी घरची आहे. तो थुंकीतून पसरतो. आई भाताचा घास चावून मऊ करून बाळाला भरवते, आजी नातवाचा मुका घेते, भावंडे एकाच पेल्याने पाणी पितात, एकाने चोखलेला उसाचा करवा दुसरा तोंडात घालतो. या साऱ्यांतून तो एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो. आपल्याकडे बहुतेक मुलांना तो लहानपणीच गाठतो. त्या वेळी थोडा ताप येतो, घसा धरतो, नाक वाहते, आणि हवा बदलली असेल म्हणून घरचे गप्प बसतात. चार दिवसांत मूल खेळू लागते.

श्रीमंत देशांत मुले वेगळी निजतात, वेगळी जेवतात. तिथे हा विषाणू पुष्कळांना सोळा-अठराव्या वर्षी भेटतो आणि मग मात्र जोरात भेटतो. खूप ताप, घसा सुजणे, मानेला गाठी, कित्येक आठवडे थकवा. त्याला ग्रंथिज्वर म्हणतात. तोही बहुधा आपोआप बरा होतो.

एकदा आला की हा विषाणू जन्मभर शरीरात राहतो. रक्तात पांढऱ्या पेशींचा एक प्रकार असतो, त्यांना बी पेशी म्हणतात. त्यांच्या आत तो दडून बसतो. शरीराचे राखणदार, म्हणजे टी पेशी, त्याच्यावर नजर ठेवून असतात. त्याने डोके वर काढले की दाबतात. जगातल्या शंभर प्रौढांपैकी नव्वदाहून अधिक लोक असा विषाणू अंगात वागवत शेती करतात, संसार करतात आणि म्हातारे होतात. त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

तो सापडला कसा?

ही गोष्ट युगांडापासून सुरू होते. डेनिस बर्किट नावाचा आयरिश शल्यचिकित्सक तेथे कंपाला शहरातील मुलागो रुग्णालयात काम करीत होता. लहानपणी एका अपघातात त्याचा एक डोळा गेला होता. १९५७ साली त्याच्यापुढे एक लहान मूल आणले गेले. त्याच्या जबड्याला वर-खाली, दोन्ही बाजूंनी गाठी होत्या. पुढे थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावी तसेच दुसरे मूल दिसले. दोन्ही मुलांचे दुखणे एकसारखे, म्हणजे यात काही सूत्र असले पाहिजे, असे त्याने धरले. जुनी कागदपत्रे चाळली आणि १९५८ साली त्यावर लेख लिहिला. आज त्या रोगाला बर्किटचा लिम्फोमा म्हणतात. लिम्फोमा म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. या ग्रंथी मानेत, काखेत, जांघेत असतात. पायात काटा मोडला की जांघेत जे अवधाण येते, ती अशीच सुजलेली ग्रंथी.

बर्किट तेवढ्यावर थांबला नाही. १९६१ साली त्याने एक जुनी मोटार विकत घेतली आणि दोन डॉक्टर मित्रांबरोबर आफ्रिकेत सुमारे १६,००० किलोमीटर हिंडला. वाटेतल्या रुग्णालयांत जाऊन एकच विचारायचे: अशी मुले तुमच्याकडे येतात का? उत्तरे नकाशावर मांडली, तेव्हा दिसले की पाऊस भरपूर आणि थंडी कमी अशा पट्ट्यातच हा रोग आहे. उंच, थंड मुलखात तो नाही. हवामानाशी रोगाचा मेळ बसतो म्हटल्यावर डासांचा संशय आला, आणि डासांबरोबर विषाणूचाही.

त्याच वर्षी मार्च महिन्यात बर्किटने लंडनमध्ये व्याख्यान दिले. ऐकणाऱ्यांत अँथनी एपस्टाइन नावाचा तरुण शास्त्रज्ञ होता. कोंबड्यांना गाठी आणणाऱ्या एका विषाणूवर त्याचे काम चालले होते. तो विषाणू अमेरिकेत पेटन राऊस यांनी १९११ साली दाखवून दिला होता. पुष्कळ वर्षे लोकांनी ते मनावर घेतले नाही. शेवटी १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी, राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोंबडीत घडते ते माणसात का घडू नये, हा विचार एपस्टाइनच्या डोक्यात आधीपासून होता. व्याख्यान ऐकताच त्याने बर्किटला गाठले आणि मुलांच्या गाठींचे तुकडे विमानाने लंडनला पाठवण्याचे ठरले.

दोन वर्षे तुकडे येत राहिले आणि काहीच सापडेना. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान लंडनला उतरू शकले नाही, मँचेस्टरला गेले. उशिरा हाती आलेल्या बाटलीतले पाणी गढूळ झाले होते. तुकडा नासला असे समजून कोणीही ते फेकून दिले असते. एपस्टाइनने एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तर तो गढूळपणा गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशींचा होता! प्रवासातल्या हेलकाव्यांनी त्या मोकळ्या झाल्या होत्या. आयरिश शास्त्रज्ञ इव्होन बार या बाईंच्या मदतीने त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली एपस्टाइनला विषाणू दिसला. यंत्राच्या झोताने तो जळून जाईल या भीतीने त्याने यंत्र बंद केले, बाहेर बर्फात एक फेरी मारून आला आणि मग पुन्हा पाहिले. विषाणू जागेवर होता. मार्च १९६४ मध्ये एपस्टाइन, त्रिनिदादचे बर्ट अचाँग आणि बार या तिघांच्या नावाने ही बातमी जगाला कळली. एपस्टाइन २०२४ सालच्या फेब्रुवारीत, १०२ वर्षांचे होऊन वारले.

पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वेर्नर आणि गेरट्रुड हेन्ले या नवरा-बायकोने लोकांचे रक्त तपासले, तर जिकडेतिकडे हाच विषाणू. १९६७ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील एक मदतनीस मुलगी ग्रंथिज्वराने आजारी पडली. तिच्या रक्तात आधी या विषाणूची खूण नव्हती, आजारानंतर दिसू लागली. ग्रंथिज्वर कशाने होतो ते असे उमगले.

बी पडले, तरी वाफसा हवा

आता कोणीही विचारील, विषाणू जर सगळ्यांत आहे, तर कर्करोग सगळ्यांना का होत नाही?

शेतकऱ्याला याचे उत्तर सांगावे लागत नाही. उसाच्या पानावर तांबेऱ्याचे कण वाऱ्याने सगळीकडेच येतात, पण रोग फोफावतो तो हवा दमट राहिली, जात नाजूक असली आणि पीक दाटले तरच. बी जमिनीत पडले म्हणून उगवत नाही, त्याला वाफसा लागतो. हा विषाणू म्हणजे बी. वाफसा दुसऱ्याच गोष्टींचा लागतो.

आफ्रिकेतल्या मुलांत तो वाफसा वारंवार येणाऱ्या हिवतापाने तयार होतो. हिवताप राखणदार पेशींना थकवतो आणि दडलेल्या बी पेशींना वाढायला भाग पाडतो. पेशी फार वेगाने दुभंगू लागल्या की चूक होण्याचा संभव वाढतो. प्रत्येक पेशीत वंशसूत्रांच्या जोड्या असतात. बर्किटच्या रोगात बहुधा आठव्या क्रमांकाच्या वंशसूत्राचा तुकडा तुटून चौदाव्याला चिकटतो. त्यामुळे वाढीचा हुकूम देणारा घटक सतत चालू राहतो, मोटारीचा स्टार्टर अडकून पाण्याचा पंप बंदच होऊ नये तसा. पेशी वाढतच राहतात आणि गाठ होते.

हे नुसते अनुमान राहिले नाही. युगांडात सुमारे ४२,००० मुलांचे रक्त आधीच घेऊन साठवले गेले आणि मग वर्षानुवर्षे त्या मुलांवर लक्ष ठेवले गेले. ज्यांना पुढे बर्किटचा रोग झाला, त्यांच्या जुन्या रक्तात या विषाणूविरुद्धचे घटक इतर मुलांपेक्षा जास्त होते, असे १९७८ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे विषाणूचा जोर आधी आणि गाठ मागाहून. तरीही त्या ४२,००० मुलांत हा रोग झालेली मुले बोटांवर मोजण्याइतकी होती, हेही लक्षात ठेवा. १९९७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या विषाणूला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातले. त्याच गटात तंबाखू आहे.

शरीराची राखण इतर कारणांनीही ढिली पडते. एड्सचा विषाणू, मूत्रपिंड बदलल्यावर घ्यावी लागणारी औषधे, काही जन्मजात दोष ही त्यांतली काही.

आपल्याकडे काय दिसते?

बर्किटचा रोग आपल्याकडे आफ्रिकेइतका नाही. पण या विषाणूशी नाते असलेला दुसरा एक लिम्फोमा आपल्या मुलांत दिसतो, तो हॉजकिनचा. थॉमस हॉजकिन या लंडनच्या डॉक्टरने १८३२ साली त्याचे वर्णन केले म्हणून त्याला हे नाव पडले. हा रोग बहुधा मानेतल्या ग्रंथीतून सुरू होतो. युरोप-अमेरिकेत साधारण तिसरा हिस्सा रुग्णांच्या गाठीत हा विषाणू सापडतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आपल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या, तेव्हा बहुसंख्य गाठींत तो सापडला. दिल्लीत मुलांच्या गाठी तपासल्या, तर बहुतेक सगळ्याच गाठींत तो निघाला. आपल्याकडे विषाणू लहान वयातच अंगात शिरतो, हे याचे एक कारण मानले जाते.

हे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या कितीतरी गावांतली माणसे आजवर त्याच्या पायऱ्या चढली आहेत.

गाठीत विषाणू सापडला म्हणून रोग जास्त वाईट, असे मात्र नाही. टाटातल्याच अभ्यासात असे रुग्ण उलट बरे टिकलेले दिसले. उपचारही दोघांना तोच असतो.

पोराचे ताट वेगळे करू नका

आता त्या अर्ध्या वाक्याकडे येऊ. विषाणू थुंकीतून लागतो हे खरे. पण कर्करोग लागत नाही. गाठ असलेल्या पोराच्या ताटात जेवलेल्या भावाला त्यापासून नवीन काही मिळत नाही, कारण तोच विषाणू भावाच्या, आईच्या, बापाच्या आणि शेजारणीच्या अंगात पूर्वीच आहे. कर्करोग झाला तो त्या एका पोराच्या काही पेशींत घडलेल्या चुकीने, आणि ती चूक कोणाच्या पेल्यातून दुसऱ्याकडे जात नाही.

याच कारणाने आईनेही स्वतःला बोल लावून घेऊ नये. "मी चावून घास भरवला म्हणून झाले" असे कुणी म्हणाले तर तिला सांगा, की लाखो आयांनी तसेच भरवले आणि लाखो पोरे तशीच धडधाकट वाढली.

औषध चालू असताना मात्र थोडे अंतर ठेवावे लागते, पण ते उलट्या दिशेने. औषधांनी पोराची राखण कमी होते, म्हणून इतरांच्या सर्दी, गोवर, कांजिण्यांपासून पोराला जपायचे. उकळून गार केलेले पाणी, ताजे गरम जेवण, हात धुऊन मगच जवळ घेणे, आणि आजारी पाहुण्याला दारातूनच निरोप. कोणतीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचून घेऊ नये. डॉक्टर सांगतील तेव्हा पोराला शाळेतही पाठवावे.

आणखी एक गोष्ट. या विषाणूची रक्ततपासणी करून घ्यायला कोणी सांगितले तर आधी विचारा, कशासाठी? तपासणीत "आहे" असे उत्तर जवळजवळ प्रत्येकाचे येणार. त्यावरून कर्करोग आहे की नाही हे कळत नाही. ते कळते फक्त गाठीच्या तपासणीवरून.

कोणती गाठ साधी, कोणती दाखवायची?

लहान मुलांच्या मानेला गाठी येतातच. डोक्यात उवा-खवडे, किडका दात, सुजलेला घसा, कान फुटणे, यांनी वाटाण्याएवढी गाठ येते, हात लावला की दुखते, आणि मूळ दुखणे बरे झाले की दोन-तीन आठवड्यांत बसते. तिला भिण्याचे कारण नाही.

पुढील खुणा दिसल्या तर मात्र डॉक्टरकडे जावे. गाठ दुखत नाही, रबरासारखी लागते आणि वाढते आहे. चार आठवडे होऊनही बसत नाही. आकार मोठ्या बोराएवढा झाला आहे. गळ्याच्या हाडावर, म्हणजे हंसळीच्या वरच्या खळग्यात आली आहे. तिथली गाठ तर लहान असली तरी दाखवावी. जोडीला बरेच दिवस ताप, रात्री अंथरूण भिजेल इतका घाम, अंग खाजणे, वजन उतरणे, पोट डावीकडे वा उजवीकडे भरल्यासारखे होणे, निजले की खोकला वा धाप लागणे, यांपैकी काही असेल तर एक दिवसही घालवू नये.

आपल्याकडे अशा गाठीचे तीन प्रकारे वाटोळे होते. पहिला प्रकार डाग देण्याचा, जळवा लावण्याचा आणि लेप बांधण्याचा. त्याने कातडी भाजते, गाठ आत वाढत राहते. दुसरा प्रकार क्षयाचा अंदाज. मानेची गाठ क्षयाचीही असते, आपल्याकडे पुष्कळदा असते, तिलाच गंडमाळ म्हणतात. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि ते घेतलेच पाहिजे. पण गाठीचा नमुना न तपासता नुसत्या अंदाजावर ते चालू केले आणि रोग हॉजकिनचा निघाला, तर सहा महिने हातचे जातात. तिसरा प्रकार स्टेरॉइडच्या गोळ्यांचा. त्यांनी गाठ झटकन बसते, घरचे खूश होतात, आणि पुढे तपासणीत खरा रोग ओळखता येत नाही. तेव्हा गाठ तपासली जाईपर्यंत अशा गोळ्या पोराला देऊ नयेत.

तपासणीलाही लोक भितात. "गाठीला सुरी लागली की कर्करोग पसरतो" ही समजूत खोटी आहे. सुईने पाणी काढून तपासतात ती पहिली पायरी, पण लिम्फोमाचा संशय असेल तर बहुधा पूर्ण गाठ काढूनच बघावी लागते. काम छोटे असते. तो तुकडा, त्याचा कागद आणि काचा जपून ठेवा. पुढे मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदा त्याच मागतात.

लवकर दाखवण्याने काय फरक पडतो, हे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीने दाखवले आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तेथे १९८७ साली सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या गावागावांतून कार्यकर्ते हिंडले. घरोघरी, शाळेत, चावडीवर बसून कर्करोगाच्या खुणा त्यांनी समजावून सांगितल्या. काही वर्षांतच गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही, औषध लागले नाही. लोकांशी कोणी तरी बसून बोलले, एवढेच घडले. जे त्या रोगाला, तेच मानेच्या गाठीला.

अंगणातली सदाफुली

हॉजकिनचा रोग आज बरा होणाऱ्या कर्करोगांत फार वरचा आहे. लवकर ओळखला आणि औषधे पुरी घेतली तर शंभरातली ऐंशी-नव्वद मुले बरी होतात. बर्किटचा रोग झपाट्याने वाढतो, पण औषधालाही तितकाच झपाट्याने दबतो.

या औषधांपैकी एकाची जन्मकथा आपल्या बायकांना आवडेल. तुळशीवृंदावनाशेजारी जी सदाफुली बारमास फुलते, तिचा पाला मधुमेहावर चालतो अशी समजूत जमेकातही होती. तिथून आलेला पाला कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी तपासला. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी उतरल्या. १९५८ साली त्यांनी त्यातून विनब्लास्टीन हे औषध वेगळे काढल्याचे जाहीर केले. हॉजकिनच्या रोगावर आजही ते वापरतात. तिच्यातच व्हिनक्रिस्टीनही मिळाले, तेही लिम्फोमात आणि रक्ताच्या कर्करोगात लागते.

म्हणून कुणी सदाफुलीचा पाला वाटून पोराला पाजू नये! किलोभर पाल्यातून औषध कणभरच निघते. त्यासोबत येणारी इतर द्रव्ये विषारी असतात. औषधाची मात्रा केसाएवढी चुकली तरी मज्जातंतू बिघडतात. ती शिरेतून, मोजून, डॉक्टरांनीच द्यायची.

उपचार काही महिने चालतो. काहींना किरणांचा उपचारही लागतो. केस जातात, पण ते परत येतात. खरा धोका निराळाच असतो. पहिल्या दोन-तीन खेपांत गाठ लोण्यासारखी विरघळते, पोर हसू-खेळू लागते, इकडे उसाची तोड आलेली असते, गाडीभाड्याला पैसे नसतात, आणि घरचे म्हणतात, "बरे तर झाले, आता कशाला?" गाठ दिसेनाशी झाली तरी मुळी आत असतात. हरळी वरवर कापली तर काय होते, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे? डॉक्टर "आता पुरे" म्हणेपर्यंत एकही खेप चुकवू नये.

पैशांचे आणि प्रवासाचे

पहिली तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरला सी. पी. आर. रुग्णालयात करून घेता येते. पुढच्या उपचारासाठी कोल्हापूर-मिरज भागातली कर्करोग केंद्रे आहेत, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आहे आणि मुंबईचे टाटा आहे. कुठे जायचे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ठरवा. एका ठिकाणी सुरू केलेले औषध अर्धवट टाकून दुसरीकडे जाऊ नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि गाठीच्या तपासणीचा कागद बरोबर ठेवा. शेत गहाण टाकण्याआधी किंवा म्हैस विकण्याआधी ही चौकशी झालीच पाहिजे. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. उतरण्याची जागा आणि धर्मादाय मदत यांची माहिती तेथे मिळते. उपचारासाठी रेल्वेने जाताना रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघाले की सकाळी मुंबई.

या विषाणूवर अजून लस निघालेली नाही. कोंबडीच्या पिल्लाला पन्नास वर्षांपूर्वी मिळाली, माणसाच्या पोराला अजून मिळायची आहे. काम चालू आहे. तोवर आपल्या हाती आहे ते एवढेच: रविवारी पोरांना न्हाऊ घालताना आईने मान, काखा आणि जांघा बोटांनी चाचपून पाहाव्यात. गाठ लागली तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी. पुढच्या चार रविवारी पुन्हा पाहावे. तेवढ्यात बसली तर देवाची कृपा. वाढली, किंवा वर सांगितलेली दुसरी खूण दिसली, तर चार रविवारही थांबू नये. आणि न बसता तशीच राहिली, तर पाचव्या सोमवारी दुधाचा रतीब घालून झाला की पोराला घेऊन थेट दवाखाना गाठावा.